फुलांचे क्लोज-अप टिपताना अ‍ॅपर्चर आणि डेप्थ ऑफ फील्ड यांचा मेळ कसा घालावा?

अबोली

नमस्कार. फुलांची जवळून छायाचित्रे काढताना अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) नेमके कोणत्या आधारावर ठरवावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्याकडे फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि १:१ पर्यंत, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटेपर्यंत, जाणारी १०५ मिमीची मॅक्रो लेन्स आहे. सध्या मी जास्वंदीची छायाचित्रे काढते आहे. फूल समोरून, पूर्ण चौकटभर घेऊन एफ/४ ला फोटो काढला, की टोकाच्या पाच लाल कुक्षी अगदी रेखीव येतात, मात्र त्यांच्या लगेच मागे असलेले परागकोश धूसर होतात आणि पाकळ्यांवरच्या शिरा तर जवळजवळ नाहीशाच होतात. म्हणून एफ/२२ वापरून पाहिले. त्यात पाकळ्यांना थोडा आकार येतो, पण सगळ्याच चित्राचा धारदारपणा गेल्यासारखा वाटतो, मागची पाने आणि फांद्या डोळ्यांत खुपू लागतात, शिवाय शटर स्पीड इतका उतरतो की ट्रायपॉड असूनही फूल हललेले दिसते.

निसर्गदृश्यांसाठी सांगितला जाणारा ‘एक-तृतीयांश अंतरावर फोकस करा’ हा नियम इथे लागू पडतो का? आणि संपूर्ण फूल स्पष्ट, पण पार्श्वभूमी मऊ, असे दोन्ही एकाच फोटोत साधणारे एखादे अ‍ॅपर्चर असते का, की माझी अपेक्षाच चुकीच्या दिशेने चालली आहे?

केसरतंतू

अबोली, आपली अपेक्षा रास्त आहे, पण ती एकट्या अ‍ॅपर्चरकडून पूर्ण होणार नाही. क्लोज-अपमध्ये विचाराची सुरुवात अ‍ॅपर्चरपासून न करता मॅग्निफिकेशनपासून करावी, म्हणजे फूल सेन्सरवर प्रत्यक्षाच्या किती पट उमटते आहे ते आधी पाहावे. जास्वंद साधारण १० सेंमी रुंद धरली आणि ती फुल फ्रेम सेन्सरच्या २४ मिमी उंचीत बसवली, तर मॅग्निफिकेशन सुमारे पाव पट, म्हणजे १:४ होते.

इतक्या जवळच्या अंतरावर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढेमागे जितकी खोली स्पष्ट दिसते ती, काढण्याचे एक ढोबळ सूत्र हाताशी ठेवण्यासारखे आहे. अ‍ॅपर्चरच्या आकड्याची दुप्पट करावी, तिला ग्राह्य धूसरतेच्या ठिपक्याच्या (पसरूनही डोळ्याला स्पष्टच वाटणाऱ्या सर्वांत मोठ्या ठिपक्याच्या) व्यासाने गुणावे, मग मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळवून त्याने गुणावे आणि शेवटी मॅग्निफिकेशनच्या वर्गाने भागावे. फुल फ्रेमसाठी ठिपक्याचा व्यास ०.०३ मिमी धरण्याची प्रथा आहे. या हिशोबाने १:४ ला एफ/८ वर सुमारे ९.६ मिमी, एफ/१६ वर १९ मिमी आणि एफ/२२ वर साधारण २६ मिमी इतकी खोली स्पष्ट मिळते. तेच एफ/८ ठेवून १:२ पर्यंत जवळ गेलात तर ती २.९ मिमी उरते आणि १:१ ला तर एक मिलिमीटरसुद्धा पुरती भरत नाही. भागाकार वर्गाने होतो, त्यामुळे थोडे जवळ सरकल्यावर जे हातचे जाते, ते अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद करून परत मिळवता येत नाही. ०.०३ मिमी हे मापही मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी आहे. फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याला प्रत्यक्षात याहूनही कमी खोली स्पष्ट वाटेल.

आता आपल्या जास्वंदीकडे वळू. समोरून पाहिले तर कुक्षीच्या टोकापासून पाकळ्यांच्या मुळापर्यंत सहज पाच-सहा सेंमी खोली असते. एफ/२२ वर मिळणारे २६ मिमी तिच्या निम्म्यालाही जेमतेम पुरतात. म्हणजे या कोनातून, या आकारात, संपूर्ण फूल एकाच फ्रेममध्ये स्पष्ट आणणारे उपयोगी अ‍ॅपर्चर मुळात उपलब्धच नाही.

एफ/२२ ला जो मऊपणा जाणवला, त्याचे कारण विवर्तन आहे. प्रकाश अतिशय लहान छिद्रातून जाताना पसरतो आणि प्रत्येक बिंदू एका छोट्या चकतीसारखा उमटतो. हिरव्या प्रकाशासाठी त्या चकतीचा व्यास मायक्रॉनमध्ये अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या सुमारे १.३४ पट असतो. मात्र क्लोज-अपमध्ये इथे लेन्सवरचा आकडा न घेता प्रभावी आकडा घ्यावा लागतो आणि तो मूळ आकड्याला ‘एक अधिक मॅग्निफिकेशन’ने गुणून मिळतो. १:४ ला एफ/२२ चा प्रभावी आकडा २७.५ होतो आणि चकती ३७ मायक्रॉनची होते, म्हणजे आपण जी ०.०३ मिमीची मर्यादा धरली होती ती केवळ विवर्तनानेच ओलांडली जाते. १:१ ला तर एफ/१६ चे प्रत्यक्षात एफ/३२ होते. म्हणून फुल फ्रेमवर माझी स्वतःची मर्यादा अशी आहे: १:४ च्या आसपास एफ/१६, १:२ ला एफ/१४ आणि १:१ ला एफ/११. त्यापलीकडे छिद्र लहान करत जाणे म्हणजे खोलीच्या मोबदल्यात सगळ्याच फुलाचा पोत देऊन टाकणे. छोट्या सेन्सरवर तीच चौकट कमी मॅग्निफिकेशनने भरते, त्यामुळे त्याच आकड्याला खोली अधिक मिळते, पण विवर्तनाची मर्यादाही तितकीच लवकर येते. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हे आकडे साधारण एक स्टॉप अलीकडे आणावेत.

एक-तृतीयांशाचा नियम इथे सोडून द्यावा. दूरच्या दृश्यात फोकसच्या मागे अधिक आणि पुढे कमी खोली मिळते, हे खरे आहे. क्लोज-अपमध्ये मात्र ती दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी विभागली जाते. त्यामुळे फोकस अगदी पुढच्या टोकावर केला, तर अर्धी खोली फुलाच्या पुढच्या रिकाम्या हवेत वाया जाते. आपल्या एफ/४ च्या फोटोत नेमके हेच घडलेले असणार. कुक्षी आणि पहिले परागकोश या दोहोंच्या मधोमध फोकस केला, तर त्याच अ‍ॅपर्चरला दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट येतील.

मात्र या सगळ्याहून मोठा फरक कॅमेऱ्याच्या कोनाने पडतो. स्पष्ट दिसणारा भाग म्हणजे सेन्सरला समांतर उभे असलेले एक पातळ तावदान समजा. फुलाचे जे अवयव त्या तावदानात येतील ते रेखीव, बाकीचे धूसर. जास्वंद समोरून घेतली की तिचा केसरदंड (कुक्षी आणि परागकोश धरणारा मधला दांडा) या तावदानाला आरपार छेदून जातो. तीच बाजूने घेतली आणि केसरदंड सेन्सरला समांतर राहील असा कॅमेरा लावला, तर कुक्षी, परागकोश आणि दंड देठापर्यंत एफ/८ वर एकाच वेळी स्पष्ट येतात, कारण आता त्यांना लागणारी खोली जेमतेम सेंटिमीटरभर आहे. पाकळ्यांपैकी एखादी कडा स्पष्ट राहते आणि बाकीच्या मऊ होत जातात, आणि तो मऊपणा नजरेला योग्य वाटतो. याउलट सदाफुलीसारखे सपाट फूल समोरूनच घ्यावे. तिथे सेन्सर पाकळ्यांच्या पातळीला काटेकोर समांतर ठेवला, तर एफ/५.६ लाही पाचही पाकळ्या कडेपर्यंत रेखीव मिळतात. समांतरता तपासण्यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून समोरासमोरच्या दोन पाकळ्यांची टोके आळीपाळीने पाहावीत. एक स्पष्ट आणि दुसरे किंचित धूसर असेल तर अ‍ॅपर्चरला हात न लावता ट्रायपॉडचे डोके फिरवावे.

निरभ्र

केसरतंतू यांचा हिशोब मला मान्य आहे. त्याला जोडून पार्श्वभूमीविषयी लिहितो, कारण अबोली यांच्या प्रश्नाचा तो अर्धा भाग आहे, आणि पार्श्वभूमी मऊ हवी म्हणून अ‍ॅपर्चर उघडायचे हा जो सरसकट सल्ला दिला जातो, तो मला अपुरा वाटतो.

पार्श्वभूमीतला एखादा बिंदू सेन्सरवर किती मोठी चकती होऊन पसरेल, हे चार गोष्टींवर ठरते. पार्श्वभूमी खूप दूर असेल तर फोकल लेंग्थ गुणिले मॅग्निफिकेशन भागिले अ‍ॅपर्चरचा आकडा, एवढाच त्या चकतीचा व्यास असतो. १०५ मिमी, १:४ आणि एफ/८ ला तो सुमारे ३.३ मिमी येतो. पार्श्वभूमी जवळ असेल तर मात्र हा व्यास वेगाने घटतो. या मांडणीत फूल लेन्सपासून सुमारे अर्ध्या मीटरवर असते. पाने फुलाच्या मागे केवळ १५ सेंमीवर असतील, तर एफ/८ ला चकती जेमतेम ०.७ मिमीची होते आणि पानांच्या कडा ओळखू येत राहतात. तीच पाने एक मीटर मागे असतील, तर एफ/१६ लासुद्धा चकती १ मिमीच्या वर जाते. म्हणजे जवळच्या पानांपुढे एफ/८ ला जेवढा मऊपणा मिळतो, त्याहून अधिक मऊपणा दूरच्या पानांपुढे एफ/१६ ला मिळतो, आणि फुलाची खोली दुप्पट मिळते ती वेगळीच.

याचा अर्थ असा की फूल निवडतानाच ते झुडपाच्या बाहेर आलेल्या फांदीवरचे निवडावे, कॅमेरा फुलाच्या उंचीला खाली आणावा आणि मागे दूरवर मोकळी जागा येईल अशी दिशा शोधावी. वरून खाली पाहत फोटो काढला की माती आणि पाने फुलाला चिकटून येतात, आणि मग कोणतेही अ‍ॅपर्चर त्यांना पुरेसे धूसर करू शकत नाही. कॅमेरा हातभर सरकवल्याने जे साधते, त्यासाठी लोक विनाकारण एफ/२.८ कडे धाव घेतात, आणि मग फूलच हातातून निसटते.

तरीही उघड्या अ‍ॅपर्चरची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक फुलाचे संपूर्ण अंग स्पष्ट असलेच पाहिजे, असे मी मानत नाही. गुलाबाच्या पाकळ्यांच्या गुंडाळीत एकच कडा रेखीव आणि बाकीचा रंग विरघळत गेलेला, असा एफ/३.५ चा फोटो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी असेल, पण पाकळीचा तलमपणा त्यात जितका पोचतो तितका एफ/१६ मध्ये पोचत नाही. अट एवढीच की ती एक कडा डोळ्याला पटेल अशी निवडलेली असावी आणि तिच्यावरचा फोकस निर्दोष असावा. धूसर भाग जेवढा जास्त, तेवढी उरलेल्या स्पष्ट रेषेवरची जबाबदारी मोठी.

आणखी एक गोष्ट अशी की ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याला नेहमी लेन्स पूर्ण उघडी असतानाचे दृश्य दिसते. एफ/११ ला मागची कोणती फांदी वर येणार, हे त्यात कळत नाही. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटण असेल तर ते दाबून पाहण्याची सवय करावी; सुरुवातीला चित्र अंधारे दिसते, पण नजर सरावते.

अबोली

आपणा दोघांचे मनापासून आभार. केसरदंड समांतर ठेवून बाजूने फोटो घेतला आणि एफ/८ ला तो खरोखरच टोकापासून बुडापर्यंत स्पष्ट आला. मागची पाने दूर जावीत म्हणून कॅमेराही बराच खाली घेतला, त्याचाही उपयोग झाला.

आता दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की लेन्स एफ/२.८ ची असूनही मी फुलाजवळ जाऊ लागले की कॅमेऱ्यावरचा आकडा आपोआप वाढतो आणि २.८ निवडताच येत नाही. हा दोष आहे का? आणि दुसरी, समोरून दिसणारी जास्वंद मला तरीही हवीच आहे, कारण तिच्या गळ्यातला गडद रंग बाजूने दिसत नाही. त्यासाठी फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या खोलीवर फोकस करून घेतलेल्या अनेक फ्रेम जोडून एक चित्र) करावे, तर वाऱ्याचे काय करायचे?

मंदप्रकाश

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. तो दोष नाही. केसरतंतू यांनी ज्या प्रभावी अ‍ॅपर्चरचा उल्लेख केला, तेच काही कॅमेरे थेट दाखवतात. निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्सबरोबर प्रभावी आकडा दाखवतात, तर कॅनन मूळ आकडाच दाखवत राहते. प्रकाशाची घट दोन्हीकडे होतेच. आपला कॅमेरा प्रभावी आकडा दाखवत असेल, तर विवर्तनाची मर्यादा तपासताना त्याला पुन्हा गुणू नये, दिसणारा आकडाच धरावा. वर दिलेल्या एफ/१६, एफ/१४ आणि एफ/११ या मर्यादा मूळ आकड्यांच्या आहेत. प्रभावी आकड्यात त्या तिन्ही ठिकाणी साधारण २० ते २२ इतक्या येतात, त्यामुळे लक्षात ठेवायला हीच रीत मला सोपी वाटते. डेप्थ ऑफ फील्डच्या सूत्रात मात्र मूळ आकडाच घालावा. आधुनिक मॅक्रो लेन्स आतल्या आत फोकस करतात आणि जवळ येताना त्यांची फोकल लेंग्थ थोडी घटते, म्हणून कॅमेऱ्यावरचा आकडा आणि कागदावरचा हिशोब तंतोतंत जुळला नाही तरी चिंता करू नये.

वाऱ्याचा विचार मॅग्निफिकेशनच्याच भाषेत करावा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. फूल सेकंदाला केवळ १ सेंमी वेगाने डुलत असेल, म्हणजे नजरेला ते जवळजवळ स्थिरच वाटत असेल, तरी १:१ ला १/२५० सेकंदात त्याची प्रतिमा ४० मायक्रॉन, म्हणजे सहा-सात पिक्सेल सरकते. १:४ ला तीच सरक दोन पिक्सेलच्या आत राहते. त्यामुळे पूर्ण फूल घेताना १/२५० बऱ्याचदा चालते, पण नुसते परागकोश घेताना १/१००० सुद्धा कमी पडू शकते. एफ/८ वरून एफ/१६ वर जाताना चौपट प्रकाश लागतो. तो शटर स्पीडमधून न घेता आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. वाढलेला रवाळपणा नंतर बराच कमी करता येतो, हललेली पाकळी मात्र दुरुस्त होत नाही. देठाला फुलाच्या थोडे खाली एखाद्या काठीचा हलका आधार दिला, तर डुलणे पुष्कळ कमी होते. गाठ न मारता मऊ पकडीचा चिमटा वापरावा, म्हणजे देठ चेपत नाही.

फ्लॅश वापरायचा झाला तर तो पसरट पांढऱ्या पडद्यातून द्यावा. कमी शक्तीवर त्याचा झोत इतका अल्पकाळ टिकतो की हालचाल गोठते. मात्र तो प्रकाश दूरच्या पार्श्वभूमीपर्यंत पोचत नाही, म्हणून एफ/१६ ला कमी आयएसओवर मागचे सगळे काळे होते. काळी पार्श्वभूमी नको असेल तर आयएसओ वाढवून उपलब्ध प्रकाशालाही चित्रात वाव द्यावा.

केसरतंतू

स्टॅकिंगविषयी मी लिहितो, कारण समोरून दिसणाऱ्या जास्वंदीसाठी तोच मार्ग आहे. त्यात अ‍ॅपर्चरची निवड अगदी वेगळ्या विचाराने होते. प्रत्येक फ्रेममधून फक्त एक पातळ थर घ्यायचा असल्याने लेन्स जिथे सर्वाधिक रेखीव असते तोच आकडा घ्यावा, आणि बहुतेक मॅक्रो लेन्समध्ये तो एफ/५.६ ते एफ/८ च्या दरम्यान असतो. १:४ ला एफ/५.६ वर ६.७ मिमी खोली मिळते. दोन फ्रेम एकमेकींवर किमान एक-तृतीयांश चढायला हव्यात, म्हणून प्रत्येक वेळी फोकस साधारण ४.५ मिमी मागे सरकवावा. साडेपाच सेंमी खोलीसाठी बारा-तेरा फ्रेम होतात. काटेकोर काम हवे असेल तर वीस घ्याव्यात. पहिली फ्रेम कुक्षीच्या किंचित पुढे फोकस करून घ्यावी आणि शेवटची पाकळ्यांच्या सर्वांत मागच्या कडेवर थांबवावी. त्याच्या पुढे जाऊ नये, नाहीतर मागची पानेही स्टॅकमध्ये स्पष्ट होऊन बसतात. आपल्याला जो मेळ हवा होता, फूल संपूर्ण स्पष्ट आणि पार्श्वभूमी एफ/५.६ इतकी मऊ, तो इथे मिळतो.

या मॅग्निफिकेशनला फोकस लेन्सच्या कड्याने किंवा कॅमेऱ्यातल्या फोकस शिफ्ट सोयीने सरकवणे बरे. कॅमेराच पुढेमागे सरकवणारी रेल १:१ च्या आसपास आणि त्यापुढे उपयोगी पडते. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ सगळे मॅन्युअल ठेवावे. वाऱ्यासाठी पहाटेनंतरची शांत वेळ निवडावी आणि सगळ्या फ्रेम एका दमात घ्याव्यात. फूल फ्रेमच्या मधल्या वेळात किंचित सरकून पुन्हा जागेवर आले, तर हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारखी सॉफ्टवेअर प्रतिमा जुळवून घेतात, पण पाकळीने आकारच बदलला असेल तर दुहेरी कडा उमटतात.

जास्वंदीत एक अडचण हमखास येते, तिची तयारी आधीच ठेवावी. पाकळ्यांवर फोकस असताना पुढचे परागकोश फुगून मोठे आणि धूसर होतात आणि आपल्या भोवतीचा पाकळीचा भाग झाकून टाकतात. त्या पट्ट्यातली पाकळी कोणत्याच फ्रेममध्ये स्पष्ट नसते, म्हणून जोडलेल्या चित्रात प्रत्येक परागकोशाभोवती फिकट वलय दिसते. अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११ केले की हे वलय अरुंद होते, म्हणून अशा फुलासाठी मी एफ/५.६ चा हट्ट धरत नाही. कॅमेरा किंचित एका बाजूला नेला आणि केसरदंडाचे टोक गडद गळ्यावर न येता पाकळीच्या फिक्या, एकसारख्या भागावर आले, तर उरलेले वलय फारसे जाणवत नाही आणि आपल्याला हवा असलेला गळ्यातला गडद रंगही मोकळा दिसतो. जे थोडे शिल्लक राहील, ते सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या भागापुरती योग्य फ्रेम ब्रशने वर आणून दुरुस्त करता येते.